ढांग, दम आणि ॲव्हरेज: सरावाने पळणं नेमकं कसं बदलतं

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, की पहाटे साडेचार-पाचला दारव्हा-यवतमाळ रोडवर पळणारी पोरं-पोरी दिसू लागतात. कोणाच्या हातात मोबाइलचा टॉर्च, कोणाच्या गळ्यात शिटी, मागून मोटरसायकलवर एखादा अकॅडमीवाला. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर. काही सेकंदांनी मार्क हुकतात आणि सगळं वर्ष जातं. त्यामुळे टायमिंग कसं कमी करायचं यावर जो तो सल्ला देतो, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला हाच: "अबे, ढांग लांब टाक ना बे!"

या सल्ल्याने बऱ्याच पोरांच्या नडग्या दुखावल्या आहेत, म्हणून हा लेख. चांगल्या धावपटूचं पाऊल लांब पडतं हे खरं आहे. पण ते लांब पडतं त्याच्या अंगात आधी झालेल्या बदलांमुळे. ते बदल न होताच पाऊल ओढून लांब केलं, तर वेळ वाढतो आणि पाय जातो.

इंजिन आणि ॲव्हरेज

पळताना स्नायूंना प्राणवायू लागतो. जीव तोडून पळताना तुमचं शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती झाली तुमची कमाल क्षमता. आपण तिला दम म्हणू. ही मोटरसायकलच्या इंजिनाची ताकद समजा. दुसरी गोष्ट म्हणजे ठरावीक वेगाने एक किलोमीटर पळायला किती प्राणवायू खर्च होतो. हा झाला ॲव्हरेज: खर्च जेवढा कमी, तेवढा ॲव्हरेज चांगला. गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच असतो, पण पळण्याच्या बाबतीत मात्र सगळे दमाचंच बोलतात.

सराव असलेल्या धावपटूला किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, साधारण २०० मिलिलिटर प्राणवायू लागतो. म्हणजे ६० किलोच्या पोराला किलोमीटरला १२ लिटर. कोणाला यापेक्षा बराच कमी पुरतो, नवशिक्याला जास्त लागतो. दोन पोरांचा दम अगदी सारखा असला, तरी ज्याचा खर्च कमी तो त्याच दमात जास्त वेगाने पळतो. शेवटच्या राऊंडला एक जण ढेपाळतो आणि दुसरा त्याला मागे टाकून जातो, त्याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण इंग्लंडची लांब पल्ल्याची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिचं आहे. तिची तपासणी १९९२ पासून २००३ पर्यंत वर्षानुवर्षं होत राहिली. अठराव्या वर्षीच तिचा दम जागतिक दर्जाचा होता, आणि पुढच्या अकरा वर्षांत तो जवळपास तेवढाच राहिला. बदलला तो ॲव्हरेज. ताशी १६ किलोमीटर वेगाने पळताना तिला १९९२ साली किलोमीटरला, दर किलो वजनामागे, सुमारे २०५ मिलिलिटर प्राणवायू लागायचा. २००३ पर्यंत तो सुमारे १७५ वर आला. त्याच २००३ साली तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मारली आणि महिलांचा तो जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला. आणि ती पळायची कशी? दर पावलाला मान हलवत. आपल्याकडच्या एखाद्या ग्राउंडवर ती आली असती तर तिला मान सरळ ठेवायला सांगून कोणीतरी नक्की ओरडलं असतं.

१६०० मीटरचं गणित

वेग म्हणजे दोनच गोष्टींचा गुणाकार: एका पावलात किती अंतर जातं आणि मिनिटाला किती पावलं पडतात. कागद-पेन घ्या. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, तर ४०० मीटरचा एक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदांत पडला पाहिजे. मिनिटाला १८० पावलं धरली तर साडेपाच मिनिटांत ९९० पावलं होतात, म्हणजे एक पाऊल साधारण १ मीटर ६२ सेंटिमीटरचं. आता पावलांची संख्या तीच ठेवून पाऊल फक्त ५ सेंटिमीटरने वाढलं, तर १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत होतात. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. तेवढ्यात दहा सेकंद वाचले!

लांब ढांगेचा सल्ला या गणितातूनच येतो, आणि गणित बरोबरच आहे. चूक होते ती हे पाच सेंटिमीटर आणायचे कुठून यात.

पोराला पाऊल लांब टाकायला सांगितलं की तो पाय पुढे फेकतो. गुडघा ताठ, टाच अंगाच्या बरीच पुढे जाऊन आदळते. त्या क्षणी जमीन त्याला मागे ढकलते, म्हणजे दर पावलाला थोडा ब्रेक लागतो. गेलेला वेग परत मिळवायला पुन्हा जोर लावायचा. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवली तर ॲव्हरेजचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय तो आदळणारा जोर नडगीवर आणि गुडघ्यावर जातो. भरतीच्या तोंडावर नडगीच्या आतल्या कडेला बोट लावू देत नाहीत अशी पोरं दर गावात सापडतील, आणि सलग अंतर वाढवण्याबरोबर हेही त्यामागचं एक कारण असतं.

खऱ्या धावपटूचं पाऊल लांब होतं ते मागून. पाय जमिनीवर असतो तो सेकंदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात, आणि तेवढ्यात नितंब, मांडी, पोटरी मिळून जमिनीला जोरदार मागे ढकलतात. दोन्ही पाय हवेत असतानाचं अंतर त्यामुळे वाढतं. पाय उतरतो मात्र जवळपास अंगाखालीच. बाजूने मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढून बघा: पाय टेकतो त्या क्षणी नडगी सरळ उभी आहे का पुढे तिरपी गेली आहे, एवढंच पाहायचं. तिरपी असेल तर ढांग ओढून टाकली जाते आहे.

आत काय बदलतं

रोजच्या पळण्याने पहिले काही आठवडे बदल होतो तो स्नायूंच्या आत. दहावीच्या विज्ञानात तंतुकणिका वाचल्या असतील. पेशीत ऊर्जा तयार करण्याचं काम त्या करतात. सरावाने त्या वाढतात, स्नायूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं. इथपर्यंत मुख्यतः दम वाढला.

ॲव्हरेज सुधारतो तो पुढच्या दोन गोष्टींमुळे. एक, मेंदू आणि स्नायूंचा मेळ. नवशिका पळतो तेव्हा नको तेही स्नायू ताणलेले असतात: खांदे कानाला लागलेले, मुठी आवळलेल्या, मांडीचा पुढचा आणि मागचा स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत असलेले. हजारो पावलांनंतर शरीर स्वतःच ठरवतं की कोणता स्नायू केव्हा आवळायचा आणि केव्हा सोडायचा. नव्याने पळू लागलेल्या स्त्रियांना दहा आठवड्यांचा सराव दिलेला एक अभ्यास २०१२ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. पाय कसा टाकायचा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी दहा आठवड्यांनी त्यांचा प्राणवायूचा खर्च सुमारे ८ टक्क्यांनी उतरला आणि गुडघ्याची, घोट्याची हालचालही बदललेली आढळली. पायांनी आपली आपण दुरुस्ती करून घेतली.

दुसरी गोष्ट कंडरांची. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा. सगळ्यात जाड ती टाचेच्या वर हाताला लागते. पाय टेकला की ही कंडरा ताणली जाते आणि पाय उचलताना पूर्ववत होताना तीच ऊर्जा परत देते. १९८७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तोही सेकंदाला साडेचार मीटर म्हणजे जवळपास भरतीच्याच वेगाचा. दर पावलाला शरीराची साधारण १०० ज्यूल ऊर्जा फिरते. त्यातली ३५ टाचेवरच्या कंडरेत साठते आणि १७ तळपायाच्या कमानीत. म्हणजे निम्मी ऊर्जा स्नायूंना नव्याने तयारच करावी लागत नाही. सरावाने कंडरा जाड आणि ताठ होते आणि हे काम चोख करते. पण तिला रक्ताचा पुरवठा कमी, त्यामुळे ती बदलायला आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. जाहिरात आल्यावर दीड महिन्यात रोज दहा-दहा किलोमीटर मारणाऱ्याचा दम वाढतो, कंडरा आणि नडगीचं हाड मात्र मागेच राहतात. तिथेच दुखणं सुरू होतं. म्हणून मी प्रत्येक पोराला सांगतो, जाहिरातीची वाट बघू नका. सोयाबीन निघालं की हळूहळू पळायला लागा.

मग पळायची पद्धत शिकवायचीच नाही का?

अकॅडमीवाले हा प्रश्न हमखास विचारतात. एकदम सगळी ढब बदलायला गेलं तर फायदा होत नाही, असा अनुभव आहे. ट्रायथलॉनपटूंना (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत करणाऱ्यांना) बारा आठवडे एका विशिष्ट पद्धतीने पळायला शिकवलेला अभ्यास २००५ मध्ये आला. त्यांची पावलं आखूड झाली आणि प्राणवायूचा खर्च उलट वाढला. सराव असलेला धावपटू आपल्या अंगाला मानवणारं पाऊल बहुधा आपसूक निवडतो, हे १९८२ पासून अनेकांनी तपासून पाहिलं आहे. ते ओढून लांब केलं की खर्च वाढतो, फार आखूड केलं तरी वाढतो.

नवशिक्याचं मात्र वेगळं. तो बहुधा गरजेपेक्षा कमी आणि लांब पावलं टाकत असतो. ज्याची नडगी पुढे तिरपी पडते त्याला एवढंच सांगावं: वेग तोच ठेव, पावलं थोडी पटपट टाक. मिनिटाला १६० पडत असतील तर १६८. पाच टक्क्यांच्या या बदलानेही गुडघ्यावरचा भार हलका होतो.

मिनिटाला १८० पावलांचा आकडा पोरांनी रीलमध्ये पाहिलेला असतो आणि हळू पळतानाही ते तो गाठायला बघतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाने धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळे १८० च्या वर निघाले, तिथून हा आकडा आला. ते शर्यतीच्या वेगाने पळत होते. सकाळी गप्पा मारत हळू पळताना १६०-१७० पडणं अगदी ठीक आहे. उंच पोराची पावलं कमी पडतात, बुटक्याची जास्त.

हातांकडे मात्र लक्ष द्यायला हरकत नाही. हात मागे बांधून पळलं तर खर्च सुमारे ३ टक्के वाढतो, छातीशी बांधले तर ९ टक्के आणि डोक्यावर ठेवले तर १३ टक्के, असं २०१४ च्या एका प्रयोगात दिसलं. शेवटच्या राऊंडला दमलेल्या पोराचे हात छातीशी आवळले जातात ते याच कारणाने महागात पडतं. हात सैल सोडा, एवढं सांगणं पुरे.

"पंजावर पय, टाचेवर नको"

हाही ठरलेला सल्ला. जपानमधल्या सापोरो इथल्या एका हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरला कॅमेरा लावून पाहिलं, तर चारातले तीन धावपटू टाचेवर उतरत होते, आणि ते देशोदेशीचे कसलेले धावपटू होते. शंभर मीटरला पंजावर पळावंच लागतं. १६०० ला ज्याचा पाय जसा पडतो तसा पडू द्यावा. टाचेवर पळणाऱ्या पोराला एका रात्रीत पंजावर आणलं की पोटऱ्या अशा भरतात की तीन दिवस संडासला बसता येत नाही.

जोर-बैठका कामाच्या आहेत

वजनी व्यायाम केला की अंग जड होतं आणि पळता येत नाही, हा समज गावोगाव आहे. फिनलंडमध्ये १९९९ साली झालेल्या अभ्यासाने याला चांगलं उत्तर दिलं. काही धावपटूंनी नऊ आठवडे आपल्या पळण्यातला जवळपास तिसरा हिस्सा काढून त्या जागी उड्या, छोट्या धावा आणि झपाट्याने करायचे वजनी व्यायाम घेतले. त्यांचा दम वाढला नाही. तरी ५ किलोमीटरची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाली, कारण ॲव्हरेज सुधारला. ताठ कंडरा आणि मागे ढकलण्याचा जोर, लांब पावलाला लागतं ते हेच. वर हिशेब केलेले पाच सेंटिमीटर इथून येतात.

यासाठी जिम लागत नाही. आपल्याकडे व्यायामशाळांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने देशी खेळ जगाला दाखवले. त्यातल्या बैठका आजही तितक्याच कामाच्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस बैठका, एका पायावर टाच उचलणं, दोरीवरच्या उड्या, आणि धरणाच्या भिंतीवर चढत जाणारा एखादा रस्ता असेल तर त्यावर आठ-दहा छोट्या धावा. सुरुवात अर्ध्याने करायची. उड्या डांबरी रोडवर मारायच्या नाहीत, मातीत मारायच्या.

बुटांचं काय?

पायाजवळचं वजन फार महाग पडतं. प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की खर्च सुमारे १ टक्का वाढतो. म्हणून हलका बूट घ्या, पण दहा-पंधरा हजारांच्या कार्बन प्लेटच्या बुटासाठी बापाला कर्ज काढायला लावू नका. त्या बुटांनी सरासरी ४ टक्के खर्च वाचतो हे प्रयोगात दिसलं आहे, पण ते पाय तयार असलेल्यांमध्ये. तुमच्या पहिल्या वर्षाच्या सरावातून त्याहून जास्त मिळतं.

आपल्या काळ्या मातीचं मात्र बघा. पाऊस झाल्यावर पांदणीने पळालं की चार पावलांत बुटाखाली चिखलाचा थर चढतो, मग त्यावर दुसरा, आणि बूट पावशेराने कधी जड झाला ते कळतही नाही. त्या दिवशी टायमिंग लावू नका. चिखलात पाय उचलून उचलून टाकण्याची सवयही लागते.

सगळं करूनही दम लागतो

ही गोष्ट विदर्भात मोकळेपणाने बोलली गेली पाहिजे. प्राणवायू वाहून नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. आपल्याकडच्या पोरींमध्ये ते कमी असणं सर्रास आहे, आणि पळून ते वाढत नाही. सहा-आठ आठवडे नीट सराव करूनही ८०० मीटरची वेळ हलत नसेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल, तर त्या पोरीला आळशी म्हणू नका, आधी रक्त तपासा.

दुसरं म्हणजे सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. गडचिरोली, चंद्रपूरपासून यवतमाळ, अमरावतीपर्यंत बऱ्याच समाजांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. ज्यांना फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून तो जनुक मिळालेला असतो ते वाहक. त्यांना एरवी काही त्रास नसतो, ते पळू शकतात आणि चांगले पळतात. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, सराव नसताना एकदम जीव तोडून पळालं तर त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. स्नायू मोडू लागतात आणि गोष्ट जिवावर बेतू शकते. सरकारी दवाखान्यात साधी तपासणी होते. आपण वाहक आहोत हे माहीत असलं की सराव सावकाश वाढवता येतो, भरपूर पाणी पिता येतं, अंगात ताप असेल त्या दिवशी थांबता येतं.

उशीर झाला का?

बावीस-तेविसाव्या वर्षी सुरुवात केली म्हणून हताश होऊ नका. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, एकविशीच्या आसपास स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत मारून राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्याइतकं यश सगळ्यांना मिळणार नाही, पण कंडरा आणि स्नायू या वयात उत्तम बदलतात.

ॲव्हरेज सुधारला हे कळणार कसं?

प्रयोगशाळा लागत नाही. गावाबाहेरचा सपाट तीन किलोमीटरचा रस्ता ठरवा. आरामात दोन शब्द बोलता येतील अशा वेगाने, दर वेळी तेवढ्याच मिनिटांत तो पळा. थांबल्या थांबल्या मनगटावर किंवा गळ्याशी बोट ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मधल्या किलोमीटरला एक मिनिट पावलंही मोजा. वहीत तारीख, वेळ, ठोके, पावलं लिहा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा हे करायचं. वेग तोच आणि ठोके कमी, म्हणजे तब्येत सुधारते आहे. त्यात दमही आला आणि ॲव्हरेजही, पण आपल्या कामापुरतं ते पुरेसं आहे.

फक्त ऊन सांभाळा. अंग तापलं की रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. जानेवारीतल्या पहाटेचा आकडा एप्रिलमधल्या सकाळी सातच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर वाटेल की तीन महिने फुकट गेले. उन्हाळ्यातली नोंद उन्हाळ्यातल्याच नोंदीशी ताडून बघायची, आणि मार्चपासून ती पहाटे साडेपाचच्या आत घ्यायची.